चारमथच्या किनाऱ्यावर जीवाश्म वेचण्याविषयी

प्रश्न: पुढील महिन्यात इंग्लंडमधील डॉर्सेट परगण्यात, चारमथ येथे, हौस म्हणून जीवाश्म गोळा करण्याचा विचार आहे. त्यासाठी कड्यातील थर हातोडीने फोडावे लागतात का?

उत्तर १: कड्याला मुळीच हात लावू नये. ज्युरासिक काळातील ती चिकणमाती सारखी घसरत असते, आणि हिवाळी वादळांनंतर लाटांनी हा घसरलेला गाळ धुऊन काढला की अमोनाइट (वेटोळ्या कवचाचे नामशेष सागरी प्राणी) व बंदुकीच्या गोळीसारखे दिसणारे बेलेम्नाइट (माकूळसदृश नामशेष प्राण्यांच्या शरीरातील कठीण भाग) गोट्यांत मोकळे पडलेले मिळतात. तेवढेच वेचावेत. ओहोटी सुरू असतानाच जावे, कारण भरतीचे पाणी कड्याला भिडले की परतीची वाट बंद होते.

उत्तर २: वरील माहितीत थोडी भर घालतो. शास्त्रीयदृष्ट्या महत्त्वाचा नमुना सापडल्यास तेथील वारसा केंद्रात त्याची नोंद करावी, अशी त्या किनाऱ्याची संहिता सांगते. माझ्या मते हौशी संग्राहकाचे खरे योगदान तेच. पायराइट या लोह-गंधकाच्या खनिजाचे सोनेरी अमोनाइट मोहक असले तरी दमट हवेत त्यांचा भुगा होतो, म्हणून ते गोड्या पाण्यात धुऊन, पूर्ण वाळवून, कोरड्या डबीत ठेवावेत.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. सह्याद्रीत असे का मिळत नाही?

उत्तर १: सह्याद्रीचा कातळ लाव्हाचा आहे. दोन लाव्हाथरांमध्ये साचलेल्या गाळात मात्र, उदाहरणार्थ नागपूर परिसरात, गोड्या पाण्यातील शंख सापडतात.