मदत हवी आहे: एका बाजूत संपणारी आधुनिक पाश्चात्त्य अभिजात संगीताची एलपी सुचवा

आम्ही दहा-बारा जण महिन्यातून एकदा पुण्यात घरी जमून एलपी रेकॉर्ड ऐकतो. बहुतेकांचे कान ख्यालावर तयार झालेले. म्हणून सुरुवात अमेरिकन संगीतकार टेरी रायलीच्या 'इन सी'ने केली (कोलंबिया कंपनी, १९६८). रायली पुढे किराणा घराण्याच्या पं. प्राणनाथांकडे शिकला, हे कळल्यावर मंडळी जरा सावरून बसली.

मग अमेरिकेच्याच स्टीव्ह राइशचं 'म्युझिक फॉर एटीन म्युझिशियन्स' (ईसीएम कंपनी, १९७८) लावलं. आवडलं सगळ्यांना, पण तासाला थोडी कमी अशी ती सलग रचना. ऐन रंगात आलेली असताना रेकॉर्ड उलटायला उठलो आणि तंद्री मोडली.

खरी पंचाईत एस्टोनियन संगीतकार आर्व्हो पेर्टच्या 'ताबुला रासा'ची झाली. प्रत जुनी, वापरलेली. त्यातल्या 'सिलेंटियम' या दुसऱ्या भागाच्या शेवटी सूर विरत जातात, तिथे नुसती चरचर. रेकॉर्ड ओल्या पद्धतीने धुतली, सुई नवी टाकली, सुईचा रेकॉर्डवरचा दाबही तपासला. फरक शून्य, म्हणजे दोष प्रतीतच असावा.

सीडी किंवा स्ट्रीमिंग सुचवू नका, ते घरी ऐकतोच. फिलिप ग्लास आणि पं. रविशंकर यांचं 'पॅसेजेस'ही ऐकून झालंय. बजेट टपालखर्चासह साडेतीन हजार.

तर १९६० नंतरची, वीस-बावीस मिनिटांत म्हणजे एका बाजूत पूर्ण होणारी कोणती रचना घ्यावी? आणि हळू आवाजाच्या जागा स्वच्छ ऐकू येतात असं, तुम्ही स्वतः वाजवून पाहिलेलं प्रेसिंग (म्हणजे त्या रेकॉर्डची छापील आवृत्ती) कोणतं?