जॅझ वाजवलेल्या काकांचा सत्कार करायचाय, शाल-श्रीफळ सोडून काय करता येईल?

साखरपेठकर: मंडळी, सल्ला हवाय. आमच्या गल्लीत एक काका आहेत, ऐंशीच्या पुढचे, तरुणपणी मुंबईच्या हॉटेलांत जॅझ वाजवायचे, ट्रम्पेट, नंतर सोलापुरात येऊन लग्नाच्या बँडात आयुष्य गेलं. 30 एप्रिलला आंतरराष्ट्रीय जॅझ दिन असतो, तेव्हा त्यांचा सत्कार करावा आणि इथली तीन-चार पोरं सॅक्सोफोन, क्लॅरनेट शिकतायत त्यांनाही वाजवायला द्यावं असं ठरतंय. वर्गणी अकरा हजार जमलीय, हुतात्मा स्मृती मंदिराचं सभागृह काय परवडणार नाही. परवा त्यांच्याकडे गेलो तर त्यांनी पेटीतून ट्रम्पेट काढला, मधला व्हॉल्व्ह, म्हणजे बोटाने दाबायची कळ, दाबला की खालीच बसायचा, ते नखाने परत वर ओढायचे. ते बघितल्यापासून शाल द्यायचं मनच होईना.

बँडवाल्याचा पोरगा: आधी तारीख बदला. 30 एप्रिल म्हणजे ऐन लग्नसराई, सगळे वाजवणारे सुपारीवर असणार, आणि कार्यक्रम उन्हात तर अजिबात नको, पितळ तापलं की सूर चढतो. दुसरं म्हणजे काकांना स्टेजवर वाजवायचा आग्रह करू नका. माझ्या वडिलांचे पुढचे दात गेल्यावर माउथपीसवर ओठ ठरेना, तरी एका कार्यक्रमात लोकांनी हट्टाने उभं केलं, वरचा सूर फुटला. घरी येऊन त्यांनी ट्रम्पेट माळ्यावर टाकला तो परत काढलाच नाही. वाईट वाटतं अजून. आणि पाकीट द्या, मानाने द्या, स्मृतिचिन्हाने औषधं येत नाहीत.

सूर_सोलापूर: वरच्या भाऊशी सहमत. मला तर सत्कार वेगळा आणि पोरांचा कार्यक्रम वेगळा हेच पटत नाही. अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सला डॅनी बार्कर होते, बँजो-गिटारवाले, कॅब कॅलोवेच्या गाजलेल्या जॅझ बँडात वाजवलेले, गावी परत आले तर पोरं ब्रास बँडकडे फिरकेनात. मग 1970 च्या सुमाराला त्यांनी फेअरव्ह्यू चर्चच्या पोरांचा बँड उभा केला. लिरॉय जोन्स, विन्टन मार्सालिस हे पुढे गाजलेले ट्रम्पेटवाले त्यातच लहानपणी वाजवत होते. अमेरिकेचा जॅझ मास्टर्स सन्मान बार्करना 1991 ला मिळाला, पोरं त्याच्या कितीतरी आधी तयार झाली होती. तुमच्या काकांकडे पण पोरं पाठवा, आठवड्यातून दोन दिवस, आणि फी वर्गणीतून द्या. जमलं तर मोबाईलवर त्यांचं बोलणं रेकॉर्ड करा, चिक चॉकलेटचं नाव काढून बघा. गोव्याचे ट्रम्पेटवाले, सी. रामचंद्रांसोबत 'अलबेला'त होते, त्या पिढीचं वाजवणं ज्यांनी जवळून ऐकलं अशी माणसं आता किती उरलीत.

साखरपेठकर: सगळ्यांचे मनापासून आभार. काकांना सरळ विचारलं, म्हणाले मला खुर्चीत बसवून हार घालू नका, पोरांना पाठवा. ट्रम्पेट दुरुस्तीला दिलाय, पहिल्या दोन महिन्यांची फी बाजूला काढलीय, कार्यक्रम लग्नसराई संपल्यावर. चिक चॉकलेटचं नाव काढल्यावर तर तासभर उठू दिलं नाही. काल पहिला पोरगा शिकायला गेला, क्लॅरनेटवाला, त्याला वाटलं लगेच गाणं शिकवतील. अर्धा तास एकच सूर लांब धरायला लावला, काका शेजारी बसून मांडीवर बोटांनी मोजत होते, आणि जाताना म्हणाले उद्या माउथपीसची नवी पट्टी, रीड, घेऊन ये, ही फाटलीय.