चष्मेवाल्या मायकनला किती डोक्यावर घ्यायचं?

तिसरा_पाय:
'जॉर्ज मायकन नसता तर एनबीए नसती' ही इथली कालची पोस्ट वाचून डोकं फिरलं. एनबीए म्हणजे अमेरिकेची व्यावसायिक बास्केटबॉल लीग, आणि मायकन तिचा सुरुवातीचा तारा. ६ फूट १० इंचाचा गडी, लेन (बास्केटसमोरचा आखलेला पट्टा) तेव्हा जेमतेम ६ फूट रुंद. बास्केटला खेटून उभं राहायचं, वळायचं, हूक (एका हाताने डोक्यावरून वळवून टाकलेला बॉल) टाकायचा. त्यात १९५० पर्यंत एनबीएत कृष्णवर्णीयांना घेतच नव्हते. असल्या लीगच्या विजेतेपदांचं कसलं कौतुक?

बोर्डाआड:
मग लेनचंच पुढचं सांगा की. १९५१ मध्ये त्याच्यामुळे ती १२ फूट केली. हल्ला करणाऱ्याने लेनमध्ये तीन सेकंदांहून जास्त थांबायचं नाही हा नियम होताच, म्हणजे ठाण मांडायची जागा दोन्हीकडून तीन-तीन फूट लांब गेली. सामन्यामागे गुणांची सरासरी २८.४ वरून २३.८ वर, नेम ४२.८ टक्क्यांवरून ३८.५ वर. फटका बसलाच. तरी त्याच्या संघाने, मिनियापोलिस लेकर्सनी, १९५२, ५३, ५४ ही तिन्ही विजेतेपदं रुंद लेनमध्येच मारली.

तिसरा_पाय:
आणि २४ सेकंदांचं घड्याळ, म्हणजे तेवढ्या वेळात बॉल बास्केटकडे टाकलाच पाहिजे हा नियम? ते १९५४-५५ ला आलं, साहेब त्याआधीच निवृत्त! पुढच्या मोसमात परतले: ३७ सामने, सरासरी १०.५. पळायची वेळ आली आणि हवा गेली.

बोर्डाआड:
हवा आधीच कमी झाली होती. १९५३-५४ ला सरासरी १८.१, तेव्हा कुठे होतं घड्याळ? आणि ते आणावं का लागलं? २२ नोव्हेंबर १९५०, फोर्ट वेन पिस्टन्स १९, लेकर्स १८. पिस्टन्स बॉल हातात धरून वेळ काढत बसले, कारण खेळायला गेलं तर मायकन आवरत नव्हता. १८ पैकी १५ गुण त्याचे!

जाळीखाली:
भांडा खुशाल. पण त्याच्या नावाचं सरावाचं ड्रिल तरी धड शिकवा. उजवीकडे डाव्या पायावर उडी, उजव्या हाताने बॉल बोर्डवरच्या चौकोनाच्या वरच्या कोपऱ्यात. जाळीतून पडला की हनुवटीच्या वरच झेलायचा आणि तिथूनच डावीकडे: उजवा पाय, डावा हात. पोरं बॉल कमरेपर्यंत आणतात, तिथेच बुटका गार्ड हात मारून नेतो.

पिव्हट:
हनुवटी कसली, हात खांद्यांच्या वरच राहिले पाहिजेत. आणि लेअप (जवळून उडी मारून बोर्डवर हलकेच टाकलेला बॉल) नको, बेबी हूकच, म्हणजे जवळून टाकलेला छोटा हूक. खांदा बोर्डकडे वळला नाही तर बचावपटू आणि बॉल यांच्यामध्ये काही उरतच नाही.

जाळीखाली:
आधी पावलं बसू द्या! पहिल्याच दिवशी हूक दिला की पोरं मधे एक जादा पाऊल टाकतात, लय मोडते. डावा हात तर कच्चाच राहतो.

पिव्हट:
लेअपची सवय लागली की हूक कधीच येत नाही. डीपॉल विद्यापीठात प्रशिक्षक रे मेयरनी मायकनकडून दोन्ही हातांचे हूक घोटून घेतले, म्हणून पुढचा मायकन झाला.

तिसरा_पाय:
शिकवणीवर्ग बाहेर भरवा! मुद्दा राहिलाच: फेब्रुवारी १९४८, शिकागो. ज्यांना लीगमध्ये जागा नव्हती त्या कृष्णवर्णीय खेळाडूंच्या हार्लेम ग्लोबट्रॉटर्स संघाने याच लेकर्सना ६१-५९ हरवलं. द्या उत्तर.

बोर्डाआड:
हरले, मान्य. त्या काळच्या विजेतेपदांपुढे तेवढी फुली मारा, हवं तर लाल पेनाने. पण एका माणसासाठी कोर्टवरच्या रेषा पुसून नव्याने आखाव्या लागल्या. 'नुसती उंची' म्हणणाऱ्यांनी त्या काळातला असा दुसरा उंच माणूस दाखवावा.

तिसरा_पाय:
बरं बाबा, तो थोर आणि आम्ही बुटके. पण 'नसता तर एनबीए नसती' हे आधी खोडा.