फोन कर्मचाऱ्याचा, मग त्यातला डेटा पुसण्याचा हक्क कंपनीला कशाला?

फोंडा_नेटवर्क
काल इथे कळंगुटच्या एका हॉटेलमालकांनी लिहिलं होतं: "स्टाफच्या मोबाइलवर पूर्ण कंट्रोल पाहिजे. फोन हरवला किंवा माणूस सोडून गेला की ऑफिसात बसून आख्खा फोन पुसता आला पाहिजे. ज्याला लपवायचं नाही त्याने कुरकुर करू नये." वाचून डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहितो. माझं पोट याच धंद्यावर आहे. पणजी-पर्वरीच्या ऑफिसांत आणि किनाऱ्यावरच्या हॉटेलांत मी एमडीएम, म्हणजे फोनवर दुरून ताबा ठेवणारं सॉफ्टवेअर, बसवून देतो.

पहिला प्रश्न, फोन कोणाचा? कंपनीने विकत घेऊन दिला असेल तर खुशाल पूर्ण ताबा घ्या. नवा फोन सुरू करतानाच तो कंपनीच्या नावावर चढवता येतो. कोणती अॅप चालायची ते ठरवा, हरवला तर सगळा पुसा, माझी हरकत नाही. पण आपल्याकडे फोन पोराचा, हप्ता त्याच्या पगारातून, रिचार्जही त्याचाच आणि हुकूम तेवढा शेठचा.

अँड्रॉइडमध्ये वर्क प्रोफाइल २०१४ पासून आहे, आयफोनमध्ये तशी सोय २०१९ ला आली. कामाचं मेल, फाइली, बुकिंगचं अॅप हे सगळं वेगळ्या कप्प्यात राहतं. अँड्रॉइडवर त्या अॅपना ब्रीफकेसची खूण असते. आयटीवाल्याच्या हातात तेवढाच कप्पा, पुसला तर तेवढाच पुसला जातो. घरचे फोटो, मेसेज, कॉल त्याला दिसत नाहीत. चतुर्थीच्या रजेत कर्मचारी तो कप्पा बंदही ठेवू शकतो. एक खोली भाड्याने घेणारा माणूस आख्ख्या घराची किल्ली मागत नाही.

घात होतो तो जुन्या पद्धतीत. फोनवर कंपनीचं मेल चढवताना 'डिव्हाइस अॅडमिन' म्हणून एक पडदा येतो. फोनमधला सगळा डेटा पुसण्याची परवानगी त्यातच मागितलेली असते आणि पहिल्या दिवशी नोकरीवर आलेला पोर ते न वाचता होकार दाबतो. गूगल ही पद्धत मागे टाकत चाललंय, पण जुन्या फोनवर आणि स्वस्तातल्या सॉफ्टवेअरमध्ये ती अजून सापडते.

कंपनीला काय दिसतं, काय दिसत नाही, काय पुसलं जाईल, हे एका पानावर मराठीत नाहीतर कोकणीत लिहून द्या आणि मग सही घ्या. एवढं करायची तयारी नसेल तर स्वतःच्या खिशातून फोन घेऊन द्या.

कळंगुट_सीझन
तो मालक मीच. तुम्ही यंत्र बसवून घरी जाता, पाहुण्यासमोर मी उभा राहतो. परदेशी पाहुणा उतरला की २४ तासांत सी-फॉर्म, म्हणजे सरकारला त्याची माहिती कळवणारा फॉर्म, भरायचा असतो. डिसेंबरात रिसेप्शनवर पाय ठेवायला जागा नसते. अशा वेळी पोरगा स्वतःच्या मोबाइलवर पासपोर्ट-व्हिसाचा फोटो काढतो आणि ग्रुपवर टाकतो. सीझन संपला की पोरगा जातो हिमाचलला, त्याच्यासोबत माझ्या पाहुण्यांचे पासपोर्ट जातात. आमच्याकडून गेलेल्या एका मुलाने एका पाहुणीला रात्री मेसेज केले. नंबर आमच्या बुकिंगवरून उचललेला. तिचे शब्द मी ऐकून घेतले. आणि तुमचा तो कप्पा बरा, पण व्हॉट्सअॅप तर कप्प्याच्या बाहेर!

फोंडा_नेटवर्क
बाहेर आहे, मान्य. पण तुमच्या उपायाने तरी काय होणार? रिसेप्शनच्या पोराच्या फोनमधला फोटो त्याच्या गूगल खात्यात आपोआप चढलेला असतो. तुम्ही फोन पुसलात तरी तो तिथे राहतोच, शिवाय ग्रुपमधल्या बाकी सगळ्यांच्या गॅलरीत राहतो तो वेगळाच. पासपोर्ट पोराच्या फोनमध्ये जायलाच नको होता. काउंटरवर हॉटेलचा एक टॅब ठेवा, फोटो त्यावरच काढा, आणि तो ग्रुप आजच्या आज बंद करा.

पेडण्याची_लेक
आख्खा फोन पुसला की काय होतं ते सांगते. माझा भाऊ एका कंपनीत सेल्सला होता, फोन स्वतःचा. राजीनामा दिला, शेवटचा दिवस झाला. दुसऱ्या दिवशी आईला घेऊन बांबोळीला जीएमसीत, सरकारी इस्पितळात, गेला आणि ओपीडीच्या रांगेत फोन कोरा झाला. आईच्या रिपोर्टांचे फोटो गेले, डॉक्टरांनी मागच्या वेळी लिहून दिलेल्या गोळ्यांचा कागद त्यातच होता. पैसे भरायला यूपीआय नाही, मला कळवायला नंबर पाठ नाही. बाजूच्या माणसाच्या फोनवरून त्याने शेजाऱ्यांना फोन लावला. कंपनीकडे विचारलं तर म्हणे, तुमची परवानगी आहे. कळंगुटकर, तुमच्या पाहुणीबद्दल मला वाईट वाटतं. पण माझ्या आईचं काय?

कळंगुट_सीझन
बाय, असं कोणाचं व्हावं असं मी म्हटलेलं नाही.

पेडण्याची_लेक
'आख्खा फोन' हे शब्द तुमचेच आहेत. वर वाचा.

वेर्णा_दुसरी_शिफ्ट
तुमचे फोन निदान तुमच्या हातात तरी असतात. आमच्या औषध कारखान्यात ते गेटवर काढून घेतात. लॉकरमध्ये टाकायचा आणि सुटल्यावर घ्यायचा. माझा मुलगा शाळेत जिन्यावरून पडला, हात मोडला. घरच्यांनी गेटच्या लँडलाइनवर फोन केला. सिक्युरिटीवाला "निरोप देतो" म्हणाला आणि विसरला. शिफ्ट सुटल्यावर लॉकर उघडला तेव्हा मिस्ड कॉलनी पडदा भरलेला. त्या वेळेपर्यंत प्लास्टरसुद्धा झालं होतं. एमडीएम वगैरे नंतर, आधी आईला पोराचा निरोप मिळण्याची सोय करा.

मडगाव_क्यूए
ताई, मुलाचं ऐकून वाईट वाटलं. पण फार्मात फोन आत का नेत नाहीत हेही इथे यायला हवं. सॉल्व्हंट, म्हणजे पटकन पेटणारी द्रव रसायनं, हाताळतात ती जागा फ्लेमप्रूफ ठेवलेली असते, साधा मोबाइल तिथे नेणं म्हणजे ठिणगी नेणं. दुसरं म्हणजे बीएमआरच्या, औषधाची प्रत्येक बॅच कशी बनवली त्या नोंदीच्या, पानाचा एक फोटो बाहेर गेला की फॉर्म्युला गेला. अमेरिकेच्या एफडीएचे, तिथल्या औषध नियामकाचे, इन्स्पेक्टर येतात तेव्हा नोंद कोणी कधी केली, कुठे केली, सगळं तपासतात. कोणी आकडे फोनमध्ये टिपून नंतर रजिस्टरात उतरवले असं निघालं तर आख्ख्या प्लांटवर शिक्का बसतो आणि नोकऱ्या आपल्याच जातात. आत फोन नेण्याचा हट्ट परवडणारा नाही.

वेर्णा_दुसरी_शिफ्ट
हट्ट? मी फोन आत मागितलाच कुठे? निरोप मागितला. आणि नियम सगळ्यांना सारखा आहे का ते सांगा. मॅनेजर खिशात फोन घेऊन फिरतात, मी डोळ्यांनी पाहिलंय. सॉल्व्हंट काय माणसाचा पगार बघून पेटतो?

मडगाव_क्यूए
ते ऑफिस ब्लॉकमध्ये असतील.

वेर्णा_दुसरी_शिफ्ट
गाउनिंग रूमच्या, आत जाण्याआधी कपडे बदलतात त्या खोलीच्या, दारात. ऑफिस ब्लॉक कुठे आणि गाउनिंग कुठे, मला शिकवू नका. माझी उमेदीची वर्षं त्या इमारतीत गेली.

मडगाव_क्यूए
तसं होत असेल तर ते चूकच आहे, आणि क्यूएने, म्हणजे आमच्या गुणवत्ता विभागाने, लिहून काढायला हवं. एवढं मानते. फोनबंदी मात्र चूक नाही.

दोडामार्ग_येजा
यात आमचीही व्यथा घ्या. गेटवर फोन जमा, पण हजेरी मात्र त्याच फोनवरच्या अॅपने, लोकेशन चालू ठेवून! घरी दोडामार्गला पोचलो तरी ते चालूच. रविवारी मी कुठे असतो हे कंपनीला कशाला हवं? बस उशिरा आली, नेटवर्क नव्हतं, हजेरी लागली नाही की अर्धा दिवस कापतात. सत्तरी तालुक्यातून येणाऱ्यांचीही हीच रड आहे.

फोंडा_नेटवर्क
सेटिंगमध्ये त्या अॅपला लोकेशनची परवानगी 'वापरताना'पुरतीच द्या, 'नेहमी' नको. हजेरीला तेवढं पुरतं. कापलेल्या अर्ध्या दिवसाचं उत्तर माझ्याकडे नाही. त्यासाठी गेटवर पंचिंग मशीन लागतं, आणि तो खर्च कंपनीने करायचा.

म्हापसा_कोर्टरोड
कायद्याचं थोडं. २०२३ चा डेटा संरक्षण कायदा मालकाच्या विरोधातच आहे असं समजू नका. नोकरीच्या कामासाठी, कंपनीचं नुकसान किंवा गुपितं बाहेर जाणं टाळण्यासाठी कर्मचाऱ्याची माहिती वेगळी संमती न घेता वापरायला कलम ७ मुभा देतं. पण म्हणून त्याच्या आईचे रिपोर्ट पुसायचा परवाना मिळत नाही. कळंगुटकरांनीही ऐकावं: पाहुण्यांचा डेटा सांभाळण्यात कसूर झाली तर दंड २५० कोटींपर्यंत जाऊ शकतो. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आलेत, मुख्य जबाबदाऱ्या १८ महिन्यांनी लागू होतात. सर्ट-इनचा, केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेचा, एप्रिल २०२२ चा आदेश तर आधीच लागू आहे, डेटा फुटल्याचं कळल्यापासून ६ तासांत कळवायचं. पासपोर्ट कोणाकोणाच्या गॅलरीत आहेत हेच माहीत नसेल तर सहा तासांत कळवणार काय?

कळंगुट_सीझन
ठीक. टॅब घेतो, ग्रुप बंद करतो. तुमचं म्हणणं पटलं असं समजू नका, दंडाचा आकडा पटला. पण फोंडेकर, सीझनला बारा तास उभ्या असलेल्या पोराच्या हातात टॅब आणि खिशात स्वतःचा फोन, तो खिशातलाच काढणार. त्यावर उपाय सांगा.

फोंडा_नेटवर्क
टॅब चार्ज असेल आणि पासवर्ड रिसेप्शनला माहीत असेल तर नाही काढणार. मी पाहिलेल्या हॉटेलांत टॅब मॅनेजरच्या कपाटात कुलपात असतो, म्हणून पोरं स्वतःचा फोन काढतात. तरीही काढलाच तर त्याला समज द्या, पण फोन त्याचाच राहू द्या.

मडगाव_क्यूए
वेर्ण्याच्या ताईंसाठी. प्रत्येक डिपार्टमेंटला इंटरकॉम, गेटवर निरोपाचं रजिस्टर, कॉल आल्याची वेळ आणि पोचवल्याची वेळ, दोन्ही सह्या. जीएमपीत, म्हणजे औषध बनवण्याच्या नियमांत, आम्ही प्रत्येक गोष्टीची वेळ लिहितो, तर ही का नाही? तुमच्या सेफ्टी कमिटीत हा मुद्दा घाला, मिनिट्समध्ये लिहून घ्या. तोंडी सांगितलेलं कोणी पाळत नाही.

वेर्णा_दुसरी_शिफ्ट
रजिस्टरचं बोललात ते बरं बोललात. पण मी कंत्राटी आहे. सेफ्टी कमिटीत आमचा एकही माणूस नाही, मुद्दा घालणार कोण? तुम्ही क्यूएत आहात, तुमची सही चालते. तुमच्या प्लांटमध्ये तुम्ही घाला आणि काय झालं ते इथे लिहा.