मदत हवी आहे: समृद्धीवरून उतरल्यावर वेगाचा अंदाज चुकतो, नजर कुठे ठेवावी?

नमस्कार मंडळी. आम्ही नागपूरचे. बाबांना कामासाठी वरचेवर छत्रपती संभाजीनगरला जावं लागतं, गाडी तेच चालवतात. हात चांगला बसलेला आहे, त्याबद्दल शंका नाही. पण परत येताना नागपूरजवळ शिवमडक्याला समृद्धी महामार्ग संपला की पुढच्या रस्त्यावर ते म्हणतात, "अगं, किती हळू चाललोय बघ," आणि काटा असतो ८० वर! आकडा वाचून दाखवला तरी त्यांना खरं वाटत नाही. उंच गाडी घेतल्यापासून हे जास्तच जाणवतंय.

मी थोडं वाचलं. बराच वेळ १२० ने गेलं की डोळे त्या वेगाला सरावतात, मग कमी वेग आहे त्याहून कमी भासतो. वेग आपल्याला कळतो तो मुख्यतः नजरेच्या कडेने मागे पळणाऱ्या रस्त्यावरून आणि झाडांवरून. सीट उंच असली की रस्ता डोळ्यांपासून लांब जातो आणि संथ सरकल्यासारखा दिसतो. त्यात काचा बंद, म्हणजे आवाजाचाही आधार नाही. ब्रेकला मात्र भास कळत नाही. ५० च्या मानाने ८० ला ब्रेक दाबल्यावर गाडी थांबायला अडीच पट अंतर लागतं, आणि इथे तर सायकलवाले, गुरं, उलट्या बाजूने येणारे, सगळेच असतात.

गाडीत ८० च्या वर बीप वाजतो (२०१९ पासून नव्या गाड्यांना सक्तीचा आहे), पण समृद्धीभर तो ऐकून कान मरतात आणि उतरल्यावर ८० च्या आत तो गप्पच. ५० किंवा ६० ला इशारा देईल असं काही फोनवर कोणी वापरतं का? मधे चहाला थांबल्याने हा सराव खरंच उतरतो का, की तेवढ्याने भागत नाही?

दुसरं नजरेचं. शेजारी बसून मला स्पष्ट दिसतं, बाबांचे डोळे पुढच्या गाडीच्या नंबरप्लेटवर खिळलेले असतात. वळणावर डोळे आपोआप आतल्या कडेकडे जातात असं वाचलं, पण सरळ रस्त्यावर किती लांब बघावं आणि काट्याकडे कितीदा? ट्रक किंवा एसटी चालवणारं कोणी असेल तर जरूर सांगा, उंचावरून तुम्ही अंदाज कसा धरता? हिवाळ्यात पहाटेचं धुकं असतं, तेव्हा तर वेग आणखी कमी वाटू शकतो म्हणे.

"बाबांना चालवू देऊ नका" हा सल्ला कृपया नको. पुढच्या आठवड्यात ते पुन्हा निघणार आहेत, त्याआधी काही सांगता आलं तर फार बरं होईल.