मदत हवी आहे: ग्लॉक १९ घ्यावं की ४३एक्स? झटका, पकड आणि देखभाल

एडिसनकर
नमस्कार मंडळी. न्यू जर्सीत राहतो, ग्रीन कार्ड आहे, हँडगनचं परमिट हातात आलंय आणि त्याची ९० दिवसांची मुदत चालू आहे. वापर दोनच: घरी तिजोरीत ठेवणं आणि अधूनमधून रेंजवर सराव. अंगावर बाळगायचं नाही. बायकोचंही फायरआर्म्स आयडी कार्ड झालंय, तीही चालवणार. तिचा हात लहान आहे आणि स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकता भाग) मागे ओढताना तिला जोर पुरत नाही.

भाड्याने दोन्ही चालवून पाहिली, ग्लॉक कंपनीची १९ जेन५ (पाचवी पिढी) आणि ४३एक्स. दोन्ही ९ एमएम. ४३एक्स हातात छान बसतं, पण झटका जास्त जाणवतो आणि गोळ्या खाली डावीकडे जातात. आम्ही दोघंही उजव्या हाताने चालवतो. प्रश्न असे:
१. झटक्यात खरंच फरक आहे की मनाचे खेळ?
२. परमिट वापरण्याआधी रेंजवर नेमकं काय तपासावं?
३. देखभाल कशात सोपी? तेल कुठे, किती?
"मोठं घ्या" एवढंच सांगू नका, कारणासकट सांगा.

नेमबाज_नाना
मनाचे खेळ नाहीत, आकडेच पाहा. जेन५ १९ मॅगझिनशिवाय (काडतुसांच्या पेटीशिवाय) ६१० ग्रॅम, ४३एक्स ४६५ ग्रॅम. रिकामं मॅगझिन आणि दहा काडतुसं धरली तर साधारण ८०० विरुद्ध ६५०. न्यू जर्सीत दहाच्या वर क्षमतेचं मॅगझिन चालत नाही, त्यामुळे १९ चा पंधरा राऊंडांचा (काडतुसांचा) फायदा तुमच्यासाठी तसाही संपला. उरलं ते वजन आणि जाडी.

११५ ग्रेनची गोळी म्हणजे साधारण ७.४५ ग्रॅम. १९ च्या १०२ मिमी नळीतून ती सेकंदाला ३५० मीटरच्या आसपास निघते. दारूच्या वायूचा वाटा धरून पिस्तुलाला मागे मिळणारी ऊर्जा येते साडेपाच ज्यूलच्या जवळ. ४३एक्सची नळी ८७ मिमी, म्हणजे वेग थोडा कमी, तरी हलक्या वजनामुळे आकडा साडेसहाच्या घरात जातो. कागदावर हा फरक पंधरा-वीस टक्क्यांचा, हाताला मात्र जास्त वाटतो. दोघांची उंची सारखीच आहे, १२८ मिमी, म्हणून तिन्ही बोटं दोन्हींवर बसतात. पण १९ ची जाडी ३४ मिमी आणि ४३एक्सची २८. तोच धक्का तळव्याच्या अरुंद पट्टीवर येतो, म्हणून तो चावतो.

आणखी एक गोष्ट फार कोणी बोलत नाही. एक काडतूस १२ ग्रॅमचं. दहा उडाली की ६५० चं पिस्तूल साडेपाचशेच्याही खाली येतं. म्हणजे शेवटच्या गोळीचा झटका पहिलीपेक्षा जवळजवळ पाचव्या हिश्शाने जास्त. हलक्या पिस्तुलात मॅगझिनच्या शेवटी गोळ्या विखुरतात त्यात थकव्याइतकाच याचाही हात असतो. तेव्हा तुलना करताना दोन्हींत सारखीच काडतुसं भरा.

शून्य_मीटर
नानांचा हिशोब बरोबर, पण मी ज्यूलवरून पिस्तूल निवडणार नाही. घरासाठीच्या पिस्तुलात दुसरी गोळी कुठे लागते ते बघायचं.

रेंजवर असं करा. २० सेंटिमीटरची कागदी ताटली, अंतर ७ यार्ड म्हणजे साडेसहा मीटर. दोन्ही पिस्तुलांत एकाच डब्यातली काडतुसं. आधी पाच गोळ्या सावकाश. त्या ताटलीत बसत नसतील तर अडचण नेमाची आहे, झटक्याची चर्चा तिथेच थांबवा. मग पाच गोळ्या जलद, म्हणजे पुढची साइट (नळीच्या टोकावरची नेमाची खूण) मागच्या खाचेत परत दिसली की लगेच पुढची. इथे लक्ष ताटलीवर नको, पुढच्या साइटवर ठेवा. ती सरळ वर जाऊन सरळ खाली आली तर पकड दोन्ही बाजूंनी समान आहे. तिरकी वर डावीकडे उडत असेल तर डावा हात नुसता सोबतीला आलाय, दाब देत नाहीये.

पाच गोळ्या झाल्यावर पिस्तूल तसंच धरून हाताकडे बघा. पकड सरकली आहे का? पुन्हा नीट करावी लागतेय का? माझ्या मते हीच सगळ्यात खरी परीक्षा. दर दोन-तीन गोळ्यांनी पकड दुरुस्त करावी लागली तर ते माप तुमचं नाही, मग दुकानात ते कितीही छान वाटलेलं असो.

बायकोच्या बाबतीत आधी चापापर्यंतचं अंतर बघा. रिकामं पिस्तूल, नळी सुरक्षित दिशेला, मनगट आणि नळी एका रेषेत. या स्थितीत तर्जनीच्या पहिल्या पेराची गादी चापावर यायला हवी. ती पुरत नसेल तर माणूस नकळत पिस्तूल हातात फिरवतो, मग झटका हाताच्या सांगाड्यातून मागे न जाता अंगठ्याच्या बुडाच्या सांध्यावर आदळतो. १९ सोबत मागे लावायच्या पट्ट्या येतात, पण त्या माप वाढवणाऱ्या आहेत. तिच्यासाठी पट्टी न लावताच बघा. ४३एक्सला पट्ट्यांची सोय नाही.

शेवटी पाच गोळ्या एका हाताने. मनगट सैल पडलं की लहान पिस्तूल अडकतं, ते इथे कळतं.

एडिसनकर
भारी, दोघांचे आभार. पण ते खाली डावीकडे जाणं? दोघांचंही तेच होतंय, साइटच सरकलेली असेल का?

शून्य_मीटर
साइटवर शंका सगळ्यात शेवटी घ्या. उजव्या हाताच्या माणसाची गोळी खाली डावीकडे म्हणजे बहुतेकदा झटका येणार म्हणून आधीच मनगट खाली दाबणं. खात्री करून घ्या. दोन स्नॅप कॅप, म्हणजे दारू नसलेली नकली काडतुसं, घ्या. एकमेकांचं मॅगझिन भरा आणि ती मध्येच कुठेतरी घाला. चाप दाबल्यावर नुसतं 'टक्' वाजलं आणि नळी खाली बुचकळली तर उत्तर मिळालं. मॅगझिन भरणाऱ्याने जागा सांगायची नाही.

उपायही तोच सराव. शिवाय डाव्या हाताचा दाब वाढवा. उजव्या हाताने हस्तांदोलनाइतकंच धरायचं, आवळायचं ते डाव्याने, कारण उजवा हात आवळला की चापावरचं बोटही त्याच्यासोबत आवळतं. डाव्या तळव्याने पकडीची उघडी बाजू पूर्ण भरा, दोन्ही अंगठे पुढे, पकड बीव्हरटेलखाली (पकडीच्या वर मागे आलेला भाग) जितकी वर जाईल तितकी वर. फक्त अंगठा स्लाइड स्टॉपच्या खटक्यावर टेकू देऊ नका. टेकला तर मॅगझिन संपल्यावर स्लाइड उघडी राहत नाही आणि लोक पिस्तुलाला दोष देतात. पातळ पिस्तुलांवर हे जास्त होतं, कारण अंगठ्यांना जागाच कमी.

१४७ ग्रेनची काडतुसंही वापरून बघा. गणितात संवेग जवळपास तेवढाच, पण वेग कमी असल्याने बहुतेकांना धक्का ढकलल्यासारखा लागतो, फटकारल्यासारखा नाही. महाग आहेत, सरावाला ११५ च ठेवा.

लॉगइन_विसरलो
वाचणाऱ्या इतरांसाठी: एच-१बीसारख्या बिनस्थलांतरित व्हिसावर असाल तर संघीय कायद्याने बंदूक विकत घेताच काय, बाळगताही येत नाही. रेंजवर भाड्याने हातात घेणंही त्यातच येतं. वैध शिकारी परवाना हा त्यातला एक अपवाद आहे. 'मित्राच्या नावावर घेऊ' वगैरे सुचवू नका, तो वेगळा गुन्हा आहे.

पुणेरी_चाप
पुण्यातून वाचतोय. आपल्याकडे ९ एमएम प्रतिबंधित बोअर (काडतुसाचं माप), परवान्यावर मिळतं ते .३२. काडतूस लहान असूनही झटका टोचतो अशी तक्रार असते. ते का? आणि देखभालीत काय वेगळं?

नेमबाज_नाना
कारण यंत्रणा वेगळी. ग्लॉकमध्ये गोळी निघताना नळी आणि स्लाइड एकमेकांत अडकलेली असतात, दोन्ही मिळून थोडं मागे येतात, मग नळीचं बूड खाली झुकतं आणि स्लाइड सुटते. .३२ ची बहुतेक पिस्तुलं ब्लोबॅक, नळी जागेवर पक्की. स्लाइडला अडवतं ते फक्त तिचं वजन आणि स्प्रिंग. म्हणून काडतुसाच्या मानाने स्लाइड जड किंवा स्प्रिंग कडक ठेवावी लागते आणि धक्का एकदम येतो. वॉल्थर पीपीच्या घराण्यातली .३८० पिस्तुलं मोठ्या ९ एमएमपेक्षा जास्त चावतात ती याचमुळे.

देखभालीत स्प्रिंगला जपा. ती मऊ पडली की स्लाइड मागे फ्रेमवर आपटायला लागते आणि तडा तिथेच जातो. ज्यांत स्प्रिंग नळीभोवती असते त्यांत नळीची बाहेरची बाजूही पुसा, काजळी तिथेच साठते. परवान्यावर काडतुसांची मर्यादा लिहिलेली असते, तेव्हा वापर थोडाच होणार. आपल्या पावसाळ्यात खरा शत्रू गंज. चामड्याच्या म्यानात ठेवून देऊ नका, चामडं ओल धरतं.

तेलाचे_थेंब
तिसऱ्या प्रश्नाकडे कोणी वळलंच नाही, म्हणून मी.

दोन्ही ग्लॉक उघडायची पद्धत एकच, धोकाही एकच: उघडण्यासाठी चाप दाबावाच लागतो. म्हणून क्रम चुकवायचा नाही. आधी मॅगझिन बाहेर, मग स्लाइड मागे ओढून चेंबर (नळीच्या बुडाची काडतुसाची जागा) रिकामं. उलट केलंत तर मॅगझिनमधलं काडतूस पुन्हा चेंबरमध्ये जातं. स्लाइड अडकवा, डोळ्यांनी बघा, बोट घालून बघा. काडतुसं दुसऱ्या खोलीत. मग सुरक्षित दिशेला चाप दाबा, स्लाइड जेमतेम ३ मिमी मागे घ्या, दोन्ही बाजूंचा लॉक खाली ओढा, स्लाइड पुढे निघते. निघत नसेल तर तुम्ही ती जास्त मागे ओढलीय आणि चाप पुन्हा पुढे आलाय. पुन्हा पहिल्यापासून, चेंबर बघण्यासकट. चाप दाबणंच नको असेल तर सिग पी३६५ बघा, ते चाप न दाबता उघडतं.

सफाई: नळी चेंबरच्या बाजूने. काशाचा ब्रश सॉल्व्हंट लावून आरपार न्यायचा, मध्येच उलटा फिरवायचा नाही. मग कोरड्या चिंध्या, स्वच्छ निघेपर्यंत. जुन्या टूथब्रशने ब्रीचचा पृष्ठभाग (काडतुसाचं बूड टेकतं ती जागा) आणि एक्स्ट्रॅक्टरच्या, म्हणजे पुंगळी बाहेर ओढणाऱ्या आकड्याखालची काजळी. पुंगळी अर्धवट अडकून उभी राहते तेव्हा पहिला संशय सैल मनगटावर, दुसरा या आकड्याखालच्या मळावर. ब्रेक क्लीनर प्लॅस्टिकच्या फ्रेमवर मारू नका.

तेल: लोक इथेच उधळपट्टी करतात. नळीच्या बाहेरून एक हात. नळीचं टोक स्लाइडच्या भोकात घासतं तिथे आणि चेंबरच्या वरच्या भागावर पुसट. स्लाइडच्या दोन्ही खाचांत एकेक थेंब. आणि एक थेंब फ्रेमच्या मागच्या उजव्या कोपऱ्यात, जिथे ट्रिगर बार (चापाला जोडलेली दांडी) कनेक्टर नावाच्या पट्टीला टेकतो. हा शेवटचा सगळ्यात महत्त्वाचा आणि हमखास विसरला जाणारा. बस. नव्या ग्लॉकच्या स्लाइडमध्ये तांबूस ग्रीस असतं, ते पुसू नका.

तेल नको कुठे: फायरिंग पिनची वाट, मॅगझिनच्या आत, ब्रीचवर. पिनच्या वाटेत तेल आणि काजळी मिळून चिकटा होतो, पिन मंदावते, प्रायमरवर (काडतुसाच्या बुडाची ठिणगी देणारी टोपी) हलका ठसा उमटतो आणि काडतूस फुटत नाही. थंडीत जास्त. डब्ल्यूडी-४० हे टिकाऊ वंगण नव्हे.

सफाईपेक्षा स्प्रिंग मोठी. रिकॉइल स्प्रिंग ३ ते ५ हजार राऊंडांच्या दरम्यान बदला, लहान पिस्तुलाची अलीकडच्या टोकाला. हलकी स्लाइड वेगाने मागे येते, म्हणून तिला स्प्रिंग कडक लागते आणि ती दमतेही लवकर. तपासणी सोपी: रिकामं पिस्तूल, चेंबर बघून चाप दाबा आणि दाबूनच धरा, स्लाइड मागे ओढा, नळी ४५ अंश वर, स्लाइड हाताने सावकाश पुढे सोडा. पूर्ण बंद झाली नाही तर स्प्रिंग गेली.

सफाईनंतर हात थंड पाणी आणि साबणाने धुवा, त्याआधी खाणंपिणं नको. प्रायमरच्या काजळीत शिसं असतं. लहान मुलं असतील तर स्वयंपाकघराच्या ओट्यावर हे काम करू नका.

एडिसनकर
सोनं आहे हे. आता १९ कडे कल झुकलाय. बायकोच्या स्लाइड ओढण्याचं काय?

शून्य_मीटर
ओढू नका, ढकला. पिस्तूल छातीजवळ, नळी समोर लक्ष्याकडे, बोट चापाबाहेर. डाव्या तळव्याने स्लाइडचा मागचा भाग वरून मुठीत घट्ट धरायचा, चिमटीत नाही, आणि उजव्या हाताने फ्रेम झटक्यात पुढे मारायची. स्लाइड जागेवर, फ्रेम पुढे. त्यात दंड आणि छातीचा जोर लागतो, बोटांचा नाही. १९ वर धरायला जागा जास्त, म्हणून तिला तेच सोपं जाईल. तरीही जमलं नाही तर स्मिथ अँड वेसनचं शील्ड ईझेड बघा, ते याच अडचणीसाठी बनलंय. पकडीच्या मागे ग्रिप सेफ्टी आहे, हात ढिला असला तर चाप चालत नाही, एवढं तिला आधी दाखवा. आणि स्लाइड हलकी व्हावी म्हणून मऊ स्प्रिंग टाकायच्या फंदात पडू नका.

तेलाचे_थेंब
एक राहिलं. घरचं पिस्तूल रोज भरून-रिकामं करत असाल तर तेच काडतूस परत परत चेंबरमध्ये घालू नका. दर वेळी गोळी चेंबरकडे नेणाऱ्या उताराला धडकून पुंगळीत जरा आत सरकते. आतली जागा कमी झाली की दाब धोकादायक वाढतो. डब्यातल्या कोऱ्या काडतुसाशेजारी उभं करून बघा, बुटकं दिसलं तर उडवायचं नाही, बाजूला काढून रेंजवाल्यांकडे द्या. मॅगझिनवर मार्करने १, २ असे आकडे घाला, म्हणजे अडकणं नेहमी एकाच मॅगझिनमध्ये होतंय का ते कळेल. तसं असेल तर पिस्तुलाला हात लावायच्या आधी त्या मॅगझिनची स्प्रिंग बदला.