‘वर्षभर हात लागला नाही? फेका!’ हा नियम दुसऱ्याच्या वस्तूंना लावायचा अधिकार कुणी दिला?

जुनी_पेटी
काल इथे एकीने लिहिलं: ‘बारा महिन्यांत ज्या वस्तूला हात लागला नाही ती घराबाहेर. घरचे आडवे येतात, म्हणून ते बाहेरगावी गेले की आवरून टाकायचं. नंतर कुणाच्या लक्षातही येत नाही.’ त्याखाली ‘अगदी बरोबर’ची रांग. मला राहवलं नाही.

माझ्या लक्षात आलं होतं. आई गेल्यावर तिची हिशेबाची वही मी कपाटाच्या तळच्या खणात ठेवली होती. मागच्या पानांवर ती आम्हा भावंडांबद्दल चार-चार ओळी लिहून ठेवायची. मी आठ दिवस घरी नव्हते, तेवढ्यात नवऱ्याने ‘जुने कागद’ म्हणून तो गठ्ठा रद्दीत दिला. माणूस वाईट नाही, त्यानेही असंच काहीतरी वाचलं होतं. त्या वहीला मी वर्षभर हात लावला नव्हता हे खरं आहे. उघडली की रडू यायचं, म्हणून उघडत नव्हते.

पसारा जरूर कमी करा, पण आपापला. घर आवरण्यावर पुस्तकं लिहिणाऱ्या ज्या जपानी मारी कोंडोचं नाव घेऊन हे सगळं सांगितलं जातं, तिनेही घरच्यांच्या वस्तू न विचारता टाकू नका असंच सांगितलंय. तिचा क्रम बघा: आधी कपडे, मग पुस्तकं, कागद, किरकोळ सामान. आठवणींच्या वस्तू सर्वांत शेवटी, टाकायचं-ठेवायचं ठरवण्याची सवय झाल्यावर.

सुटसुटीत
ती पोस्ट माझी. ताई, वहीचं ऐकून खरंच वाईट वाटलं. पण एका वहीपायी सगळा मुद्दा मोडीत काढू नका.

आमच्याकडे एक अख्खी खोली सासऱ्यांच्या ‘लागेल कधीतरी’ने भरलीय. वायरींचे तीन खोके, बंद पडलेले दोन पंखे, झाकणं नसलेले डबे. माझी मुलगी अभ्यासाला बैठकीत बसते, कारण त्या खोलीत पाय ठेवायला जागा नाही. विचारलं की उत्तर ठरलेलं, ‘राहू दे.’ वस्तू आपली झाली की तिची किंमत आपल्याच डोळ्यांत वाढते, हे १९९० साली काहनेमन, नेच आणि थेलर या संशोधकांनी कॉफीच्या साध्या मगांवर दाखवलं. ज्यांना ते मग दिले, ते विकायला घेणाऱ्यांच्या तयारीपेक्षा सुमारे दुप्पट किंमत मागत होते आणि ते हातात येऊन फार वेळही झाला नव्हता. इथे तर तीस वर्षांच्या वायरी आहेत. विचारत बसले तर मुलगी कॉलेजला जाईल तरी खोली तशीच.

चौथा_खण
मुलीच्या जागेचा प्रश्न खरा आहे. पण त्या प्रयोगातून ‘लपून टाका’ हे कुठून निघालं? माणसाला वस्तू सोडणं जड जातं एवढंच त्यातून कळतं. जड जातं म्हणूनच तर विचारायचं. माझ्या मामांचं घर भावंडांनी मिळून एका दिवसात रिकामं केलं. दोन वर्षांत होतं त्याहून जास्त भरलं, आणि मामांनी आम्हाला दारात उभं करणं सोडलं. अतिसाठवण हा २०१३ पासून अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या यादीत स्वतंत्र आजार आहे. तुमच्या सासऱ्यांना तो आहे असं मी म्हणत नाही. पण वस्तू गायब करून कुणाची सवय सुटत नाही.

सुटसुटीत
आणि त्या पसाऱ्याचा त्रास कुणाला होतो? लॉस एंजेलिसमधल्या ३० जोडप्यांचा अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. ज्या बायकांनी आपल्या घराचं वर्णन पसारा, अर्धवट कामं अशा शब्दांत केलं, त्यांच्या शरीरातलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाशी जोडलेलं संप्रेरक, दिवसभरात उतरायला हवं तसं उतरत नव्हतं. नवऱ्यांच्या बाबतीत तसं दिसलं नाही. साठवणारा निवांत असतो. झाडायला, सरकवायला, पुसायला दुसरंच कुणी. ‘न विचारता टाकलं’ म्हणून ओरडणाऱ्यांनी न विचारता साठवलं, त्याचं काय?

चौथा_खण
३० जोडपी. पसाऱ्यामुळे ताण की ताणामुळे पसारा डोळ्यांत खुपतो, हे त्यातून ठरत नाही. पण शेवटचं वाक्य मान्य. नाइलाजाने.

रात्रपाळी
कागदांवर एवढं भांडण कशाला? स्कॅन करा, मूळ प्रत टाका. मी सहा फायली संपवल्या.

जुनी_पेटी
आईच्या अक्षराचा स्कॅन? पेनाचा दाब पानामागे उमटायचा, तो कुठे येणार?

बिनकामाचा
रात्रपाळी, दुकानाची बिलं तरी लगेच स्कॅन करा. ती शाईने छापलेली नसतात. कागदावरचा लेप उष्णतेने काळा होतो आणि तोच पुढे उडतो. वॉरंटीसाठी दोन वर्षं जपलेलं बिल मी काढलं, तर कोरा पांढरा कागद. दुकानदाराने हात वर केले.

रात्रपाळी
तेच तर म्हणतोय. सगळं एका हार्ड डिस्कवर.

बिनकामाचा
एका? दादा, ही कसली आवराआवर! तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. माझी डिस्क एका सकाळी टकटक वाजायला लागली आणि मुलाच्या पहिल्या चार वर्षांचे फोटो गेले. जुनी दुसरी डिस्क होती, पण तिची वायर आवरताना कुणीतरी फेकलेली. तसली वायर शोधायला तीन आठवडे लागले.

रात्रपाळी
तीन ठिकाणी प्रती म्हणजे पसारा तिप्पटच झाला की. एकाच डोहाळजेवणाचे दोन हजार फोटो कोण बघतं? आधी निवडा, मग जपा.

बिनकामाचा
निवडायला रात्री बसतो आणि चाळीस फोटोंत झोप येते. निवडणं हेच खरं काम आहे, ते तुम्ही एका शब्दात उरकलंत. चार वर्षं गेलेल्या माणसाला ‘आधी निवडा’ म्हणू नका.

रात्रपाळी
ठीक. शब्द चुकला. दुसरी डिस्क घेतो.

चौथा_खण
मूळ धागा कुठे राहिला?

सुटसुटीत
इथेच आहे. आज सासऱ्यांशेजारी बसून एकेक खोका उघडला. तीन तास गेले. प्रत्येक वायरीची हकीकत ऐकली. दोन खोके आणि पंखे त्यांनी स्वतः काढून दिले. तिसऱ्याला हात लावू दिला नाही. मुलीचं टेबल मात्र आत बसलं. ताई, तुमचं सगळं पटलं असं समजू नका. अशा तीन तासांच्या रजा मला कुणी देत नाही. पण पोस्टमधलं ‘बाहेरगावी गेले की’ हे वाक्य काढून टाकलंय.

जुनी_पेटी
तेवढंच हवं होतं. तीन तासांचं तुमचं खरं आहे.

बिनकामाचा
ते दोन खोके गेले का? नसतील तर आधी बघा, डिस्कच्या वायरी वेगळ्या काढा.